छायाचित्रांचा संग्रह

चित्रकारानें रंगविलेलें चित्र जगांत एकच असतें. ज्याच्या भिंतीवर तें लागलें त्याचें तें झालें. इतरांनीं त्याची नक्कल पाहून समाधान मानावयाचें. छायाचित्राची गोष्ट निराळी. एका निगेटिव्हवरून दहा प्रती निघतात, शंभर निघतात, आणि पहिली कोणती व शंभरावी कोणती हें प्रत काढणाऱ्यासही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. असें असतां एखादा गृहस्थ विटलेल्या कागदाच्या एका तुकड्यासाठीं हजारों रुपये मोजतो, आणि दुसरा एखाद्या पुस्तकाची पहिलीच आवृत्ति मिळावी म्हणून वर्षानुवर्षें वाट पाहतो, हें पाहून सामान्य माणसास हंसूं येतें. तेंच चित्र आज संगणकाच्या पडद्यावर फुकट दिसतें. मग हे लोक विकत तरी काय घेतात?

ते जें विकत घेतात ती एक वस्तु असते. कागद, त्यावरील रौप्याचा थर, तो कोणत्या सालीं व कोणाच्या हातानें चढला, आणि तेव्हांपासून आजवर तो कोणी व कसा जपला, हें सारें मिळून ती वस्तु होते. पडद्यावर दिसतें ती त्या वस्तूची केवळ बातमी. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्यास संग्रहाची पुढची वाट आपोआप दिसूं लागते. ज्याच्या आला नाहीं तो पैसे मात्र खर्च करितो.

अनेक प्रती निघतात हें छायाचित्राचें उणेपण समजण्याची रीत आहे. ती कितपत खरी हें पाहण्यास अजिंठ्याइतकें बोलकें उदाहरण नाहीं. मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल नांवाच्या अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलें. त्यानें कित्येक वर्षें तेथें राहून मोठमोठ्या तैलचित्रांत त्या नकला उतरविल्या. त्या विलायतेस जाऊन लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगींत बहुतेक साऱ्या जळून गेल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी घेऊन तेंच काम नव्यानें हातीं घेतलें. त्यांच्याही नकलांचा मोठा भाग १८८५ सालीं लंडनमध्यें आगीच्याच भक्ष्यस्थानीं पडला. दोन पिढ्यांचे श्रम असे राखेंत गेले. परंतु मधल्या काळांत गिलनें कॅमेरा हातीं धरला होता. अजिंठा, वेरूळ येथील त्याचीं ७४ छायाचित्रें जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ सालीं लंडनमध्यें पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत रंग नाहींत, आणि अजिंठ्याचें रंगाविना दर्शन म्हणजे अर्धेंच दर्शन. पण त्या पुस्तकाच्या प्रती नाना ग्रंथालयांत विखुरल्या होत्या. एका आगीनें त्या साऱ्या जाणें शक्यच नव्हतें. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे आणि पुस्तक अजून पाहावयास मिळतें.

त्या पुस्तकाविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांतील चित्रें शाईनें छापलेलीं नाहींत. प्रत्येक प्रतींतील प्रत्येक चित्र ही खरीखुरी छायाचित्राची प्रत असून ती पानावर हातानें डकविलेली आहे. त्या काळीं छायाचित्र शाईनें छापण्याची सोपी रीत नव्हती, म्हणून छायाचित्रांचें पुस्तक म्हणजे प्रतींचा संग्रहच असे. या मार्गाचा आरंभ इंग्लंडांत टॅल्बट यानें केला. १८४४ ते १८४६ या काळांत त्यानें 'पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ सहा भागांत, २४ चित्रांसह प्रसिद्ध केला. मुंबईही या बाबतींत फार मागें राहिली नाहीं. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी स्वतः छायाचित्रें काढीत. दोनच वर्षांनीं जॉन्सन व हेंडरसन यांनीं खऱ्या प्रती डकविलेलें एक छायाचित्रांचें मासिक मुंबईंत चालू केलें. पुढें याच जॉन्सननें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचीं चित्रें दोन खंडांत, १८६३ व १८६६ सालीं, प्रसिद्ध केलीं. हे खंड आज फार दुर्मिळ व फार महाग आहेत. परंतु ते पाहतांना सावध असावें. माणसें एका ठिकाणीं बसवून टिपलेलीं आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून जोडलेला, अशी त्यांतील चित्रांची घडण आहे. छायाचित्र खोटें बोलत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हे खंड अवश्य चाळावे.

या काळच्या बहुतेक प्रती अल्ब्युमेन कागदावर आहेत. ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थानें १८५० सालीं ही रीत प्रसिद्ध केली. अंड्यांतील पांढऱ्या भागांत मीठ घालून तो फेंस येईपर्यंत घुसळावयाचा, निवळल्यावर त्यावर पातळ कागद तरंगवावयाचा, आणि तो वाळला कीं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर धरावयाचा. मग तो कागद निगेटिव्हशीं भिडवून चौकटींत घालावयाचा व उन्हांत ठेवावयाचा. ऊन हेंच तेथलें छापयंत्र. त्यामुळें प्रत निगेटिव्हएवढीच निघे, आणि मोठी प्रत हवी असल्यास छायाचित्रकारास तेवढीच मोठी कांच घेऊन डोंगर चढावे लागत. अशी प्रत ओळखणें फारसें कठीण नाहीं. कागद पातळ, म्हणून तो बहुधा जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला असतो. पृष्ठभागास मंद तकाकी असते. छाया तपकिरी किंवा जांभळट असतात. आणि पांढऱ्या जागा कालांतरानें पिवळ्या पडलेल्या असतात. भिंग लावलें तर थराखालचे कागदाचे तंतु दिसतात. शाईनें छापलेल्या चित्रांत त्याच भिंगाखालीं ठिपक्यांची किंवा कणांची जाळी दिसते. चांगलें भिंग हें संग्राहकाचें पहिलें भांडवल होय. पुष्कळांस तें शेवटीं सुचतें.

आतां मुख्य अडचण. प्रत खरी आहे, निगेटिव्हही त्याच छायाचित्रकाराची आहे. परंतु प्रत केव्हांची? बाजारांत या एका प्रश्नावर किंमत दसपट होते किंवा दहाव्या हिश्श्यावर येते. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या व दुकानें टिपणारा आत्जे १९२७ सालीं वारला. बेरेनिस अॅबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीनें त्याचा उरलेला संग्रह विकत घेऊन वांचविला नसता तर त्याचें नांवही आज कोणास ठाऊक नसतें. हा संग्रह १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. त्यापूर्वीं, १९५६ सालीं, अॅबटनें त्याच्या निगेटिव्हवरून स्वतः प्रती काढून २० चित्रांचा एक संच प्रसिद्ध केला होता. आत्जेनें आपल्या हातानें उन्हांत काढलेली प्रत आणि त्याच कांचेवरून अॅबटनें काढलेली प्रत शेजारीं ठेवल्या तर गल्ली तीच, दुकान तेंच. पण दोन वेगळ्या डोळ्यांनीं पाहिलेलें. ज्या सुमारास चित्र टिपलें त्याच सुमारास निघालेल्या प्रतीस संग्राहक अधिक मान देतात तो यासाठीं.

मात्र याचा अतिरेकही होतो. अॅन्सेल अॅडम्सचें 'मूनराइज' हें चित्र पाहावें. न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवला आहे, आणि मावळत्या उन्हाची तिरीप कबरींवरील क्रूसांवर पडली आहे. अॅडम्सला एकच चित्र टिपतां आलें. दुसऱ्यासाठीं कॅमेरा सिद्ध होईतों ऊन गेलें होतें. वर्ष कोणतें हें तो स्वतःच निरनिराळें सांगत असे. अखेर ज्योतिर्विदांनीं चंद्राच्या स्थानावरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१ हा दिवस ठरविला. त्या एका निगेटिव्हवरून त्यानें पुढील चाळीस वर्षांत १,३०० हून अधिक प्रती काढल्या. प्रारंभींच्या प्रतींत आकाश करडें आहे, त्यांत ढगांचे पुंजके दिसतात. नंतरच्या प्रतींत आकाश उत्तरोत्तर काळें होत जाऊन चंद्र एकटाच राहतो. मध्यंतरीं १९४८ सालीं त्यानें निगेटिव्हचा खालचा भाग रसायनांनीं गडदही करून घेतला. अॅडम्स संगीताचा अभ्यासी होता. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपि आणि प्रत म्हणजे गायन, असा त्याचा अभिप्राय होता. आपल्याकडे तर हें समजावून सांगण्याचीही गरज नाहीं. बंदिश तीच, पण तरुणपणीं गाइलेली आणि साठीनंतर गाइलेली यांत केवढें अंतर पडतें! यांतील कोणती श्रेष्ठ हें केवळ सालावरून ठरविणारा संग्राहक कान बंद करून गाणें ऐकतो असेंच म्हणावें लागेल. पहिल्या प्रती विरळ म्हणून महाग आहेत. पण ज्या चित्रानें लोकांस वेड लावलें तें नंतरचें, काळ्या आकाशाचें आहे.

जेथें सालावर किंमत ठरते तेथें साल खोटें सांगण्याचा मोह आलाच. अमेरिकेंतील गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचीं चित्रें काढणारा लुइस हाइन १९४० सालीं वारला. १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या हातच्या म्हणून विकल्या गेलेल्या कांहीं प्रतींविषयीं शंका निघाली. छायाचित्राच्या कागदांत शुभ्रता आणणारीं रसायनें घालण्याची चाल १९५० च्या सुमारास पडली. अतिनील दिव्याखालीं असा कागद निळसर चमकतो. शंकित प्रतींपैकीं कांहीं चमकल्या. ज्याच्या मृत्यूनंतर कागद तयार झाला त्यानें त्यावर प्रत काढली कशी, याला उत्तर नव्हतें.

प्रतींची संख्या आधींच बांधून देण्याची पद्धति अलीकडची. 'पंचवीस प्रती काढीन, अधिक नाहीं,' असें छायाचित्रकार वचन देतो व प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालतो. पण हें वचन कशाविषयीं आहे, चित्राविषयीं कीं त्या आकाराच्या व त्या रीतीच्या प्रतीविषयीं? विल्यम एगल्स्टन याच्या जुन्या रंगीत चित्रांच्या मोठ्या आकाराच्या नव्या प्रती २०१२ सालीं लिलावांत आल्या, तेव्हां जुन्या मर्यादित प्रती घेऊन बसलेल्या एका संग्राहकानें न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लावला. न्यायालयानें तो पुढील वर्षीं फेटाळला. प्रत घेण्यापूर्वीं वचनाचे शब्द नीट वाचावे, आणि शब्द नसतील तर मागून घ्यावे.

इतका सगळा खटाटोप ज्यास परवडत नाहीं किंवा रुचत नाहीं त्याच्यासाठीं पुस्तकांचा मार्ग मोकळा आहे. आणि तो कमी प्रतीचा मुळींच नाहीं. पुष्कळ छायाचित्रकारांनीं पुस्तक हीच आपली खरी कृति मानली. न्यूयॉर्कच्या स्टिग्लिट्झनें १९०३ ते १९१७ या काळांत 'कॅमेरा वर्क' या त्रैमासिकाचे ५० अंक काढले. त्यांतील बरींच चित्रें तांब्याच्या पत्र्यावर कोरून शाईनें, पुष्कळदां तलम जपानी कागदावर छापून, हातानें चिकटविलेलीं आहेत. शेवटीं शेवटीं वर्गणीदार चाळीसांच्या आंत आले आणि मासिकांचें पुढें जें होतें तें झालें. आज त्यांतलें एकेक पान चौकटींत बसवून विकतात.

पुस्तकांत चित्रांस क्रम असतो, आणि क्रमांतून अर्थ उमटतो. कार्त्ये-ब्रेसाँ याच्या १९५२ सालच्या पुस्तकाचें वेष्टन मातीस या चित्रकारानें सजविलें. तें वेष्टन नसेल तर पुस्तकाची किंमत बरीच घटते. रॉबर्ट फ्रँकचें 'द अमेरिकन्स' हें पुस्तक अधिक शिकविणारें आहे. तें प्रथम १९५८ सालीं पॅरिसमध्यें निघालें, तेव्हां चित्रांसमोरच्या पानांवर नाना लेखकांचे उतारे छापलेले होते. पुढच्या वर्षीं अमेरिकेंत निघालेल्या आवृत्तींत ते उतारे गेले, समोरचें पान कोरें राहिलें, आणि तींच ८३ चित्रें मूक होऊन अधिक बोलूं लागलीं. दोन्ही आवृत्ती जवळ असल्याशिवाय हें कळत नाहीं. भारतापुरतें पाहावयाचें तर रघुबीर सिंग यांनीं गंगा, राजस्थान वगैरे विषयांवर रंगीत चित्रांचीं पुस्तकें एकामागून एक केलीं. त्यांचें मुंबईवरील पुस्तक १९९४ चें आहे. दयानिता सिंग यांनीं तर पुस्तक आणि प्रदर्शन यांतील भिंतच काढून टाकली. त्यांचें २००८ चें 'सेंट अ लेटर' म्हणजे एका पेटींतल्या सात लहान घडीच्या वह्या आहेत. वही उलगडून टेबलावर उभी केली कीं झालें घरच्या घरीं प्रदर्शन.

२००४ पासून मार्टिन पार व जेरी बॅजर यांनीं छायाचित्र-पुस्तकांचा इतिहास तीन खंडांत लिहिला. त्यांत नांव आलेल्या पुस्तकांचे भाव झपाट्यानें चढले, आणि पुष्कळ लोक पुस्तक न उघडतां यादीवर खुणा करीत खरेदी करूं लागले. पारनें जमविलेलीं सुमारें १२,००० पुस्तकें २०१७ सालीं लंडनच्या टेट संग्रहालयाकडे गेलीं. याद्यांत अजून न आलेलीं पुस्तकें शोधणें हेंच साध्या ऐपतीच्या माणसास अधिक शोभतें आणि त्यांत गंमतही अधिक.

आपल्या देशांत मात्र संग्रहाचा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. जुन्या वाड्यांतून व बंगल्यांतून निघालेले अल्बम विक्रेत्याकडे येतात, आणि अखंड अल्बमापेक्षां सुट्या पानांस अधिक पैसे मिळतात म्हणून ते कापले जातात. राजवाड्याचें चित्र एकीकडे, हत्तीचें दुसरीकडे, आणि ज्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत अशा माणसांचीं चित्रें रद्दींत. चित्रें उरतात, पण त्यांचा क्रम, खालचा मजकूर, कोणाच्या घरचा अल्बम होता ही माहिती कायमची जाते. पुढें कितीही पैसा ओतला तरी ती परत येत नाहीं. लाला दीनदयाळ यांच्या प्रतींवरून ही हानि नीट कळते. इंदूरपासून आरंभ करून सिकंदराबाद व मुंबई येथें चित्रशाळा चालविणाऱ्या या छायाचित्रकारास निजामानें राजा ही पदवी दिली. १९०५ सालीं ते वारले. त्यांच्या पुष्कळ प्रतींवर निगेटिव्हवरच लिहिलेलें नांव व क्रमांक उमटलेला असतो. नांव लाला आहे कीं राजा, यावरून काळ अजमावतां येतो, आणि क्रमांकावरून एका दौऱ्यांतील चित्रांची सांखळी जोडतां येते. त्यांच्या २,८०० हून अधिक कांचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे सुरक्षित आहेत. ज्या प्रतीचा कांठ चौकटींत बसावा म्हणून छाटला गेला आणि त्याबरोबर क्रमांकही गेला, ती प्रत त्या सांखळींतून कायमची निखळली. पुण्यांत जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहीम अल्काझी यांनीं हीच गोष्ट ओळखून अल्बम अखंड मिळविण्याचा ध्यास घेतला. २०२० सालीं ते वारले. त्यांच्या नांवच्या संग्रहांत ९०,००० हून अधिक चित्रें आहेत, आणि तीं अभ्यासकांस पाहावयास मिळतात. एखाद्या सरकारी खात्यानें जें करावयाचें तें एका नाटकवेड्या माणसानें केलें.

जमविलेलें टिकविणें हा अर्धा संग्रह होय, विशेषतः पावसाळ्याच्या मुलखांत. प्रती फिकट कां होतात याचा विचार छायाचित्रविद्या बाल्यांत असतांनाच सुरू झाला होता. टॅल्बटच्या ग्रंथांतील चित्रें विटूं लागलीं. १८५५ सालीं लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें चौकशीसाठीं एक समिति नेमली व राणीच्या यजमानांनीं तिला ५० पौंड दिले. समितीनें मुख्य दोष प्रती पुरत्या न धुण्यास दिला. प्रत पक्की करण्याचें रसायन कागदांत राहून जाई व दमट हवेंत रौप्यास खाऊं लागे. धुणें आतां आपल्या हातीं राहिलेलें नाहीं. दमट हवेवर मात्र इलाज आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा ३० ते ५० च्या दरम्यान असावी असें तज्ज्ञ सांगतात, आणि कोंकणांत आषाढांत ती ऐंशीच्या पुढें जाते. म्हणून प्रती बाहेरच्या भिंतीस लागून किंवा पोटमाळ्यावर ठेवूं नयेत. आम्लरहित कागदांत गुंडाळून आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटींत आडव्या ठेवाव्या, आणि पाऊस सरल्यावर कोरड्या दिवशीं, उन्हांत नव्हे, पेट्या उघडून बुरशी व कसर पाहावी. चिकट पानांचे प्लॅस्टिकचे अल्बम व चिकटपट्टी हीं कसरीहून अधिक नाश करितात. जुनी प्रत टिकावी म्हणून ती प्लॅस्टिकांत कायमची बंद करून घेण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. ती बंद झालेली प्रत पुन्हां सोडवितां येत नाहीं. भिंतीवर लावावयाचीच तर दोन-तीन महिने लावावी, मग वर्षभर अंधारांत विसांवा द्यावा. अल्ब्युमेन प्रतीस उजेड मुळींच सोसत नाहीं.

आणि प्रत हातीं आली त्याच दिवशीं ती कोठून, कोणाकडून व कोणत्या अल्बमांतून आली हें लिहून ठेवावें. पुठ्ठा असेल तर त्याच्या मागच्या बाजूस, कांठाशीं, मऊ पेन्सिलीनें आणि हलक्या हातानें. शाई कधींही वापरूं नये, ती पलीकडे उमटते.